अडलेले टपाल

पत्र येणे आणि पत्र जाणे ह्या एकाच व्यवहाराच्या दोन बाजू, असे आपण धरून चालतो. रस्ता एकच, येणारी एस.टी. त्यावरून येते, जाणारी त्यावरूनच जाते. ई-मेलच्या बाबतीत ही समजूत घरोघर दगा देते. गृहस्थ लॅपटॉप घेऊन लेकीकडे जातात. तिथे तो उघडतात, तर आलेली पत्रे भराभर उतरू लागतात. बँकेचे येते, भाच्याचे येते, न मागितलेल्या जाहिराती तर सर्वांच्या आधी येतात. गृहस्थ खूश होऊन उत्तर लिहितात, ‘पाठवा’चे बटण दाबतात आणि इथे घोडे अडते. कधी इंग्रजीत नकार उमटतो, कधी नुसतेच चाक फिरत राहते. लेक म्हणते, "बाबा, नेट तर चालू आहे." जावई म्हणतात, "पासवर्ड चुकला असेल." पासवर्ड चुकला असता तर पत्रे आली कशी, हे कोणीच विचारीत नाही.

ह्या कोड्याचे उत्तर दोन वाक्यांत सांगता येईल. आपण टपाल घ्यायला जातो तेव्हा पलीकडचा संगणक विचारतो, "आपण कोण?" टपाल द्यायला जातो तेव्हा मात्र तो कित्येक वर्षे विचारीत आला, "आपण कुठे उभे आहात?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर माणसाबरोबर गावोगाव हिंडते. दुसऱ्याचे उत्तर गाव बदलताच बदलते.

आपल्या कोल्हापुरातलाच एखादा लॅपटॉप घ्या. सकाळी तो घरच्या तारेवर असतो. दुपारी कॉलेजच्या जाळ्यात शिरतो. संध्याकाळी मालकाला बेळगावला लग्नाला जायचे असते. कागल मागे पडते, कोगनोळीचा नाका ओलांडला जातो आणि गाडीत बसल्या बसल्या मोबाइलच्या आधारे लॅपटॉप चालतो. रात्री पाहुण्यांच्या घरचे वाय-फाय. एका दिवसात चार जाळी झाली, आणि प्रत्येक जाळ्याने त्या यंत्राला निराळा पत्ता दिला. हा पत्ता म्हणजे धर्मशाळेतला खोली क्रमांक समजा. आज उतरलात तर मिळाला, उद्या निघालात की दुसऱ्याचा. आणि ह्या खोली क्रमांकावरून माणसाची पत ठरवण्याची चाल टपालाच्या धंद्यात पडली होती! ती का पडली, हे पाहण्यासारखे आहे.

ई-मेल पाठवण्याचे नियम अमेरिकेत जॉन पोस्टेल ह्या संशोधकाने १९८२ च्या ऑगस्टमध्ये नीट मांडून ठेवले. त्यांचे नाव एसएमटीपी. त्यातल्या ‘एस’चा अर्थच मुळी ‘साधी’ असा आहे, आणि कारभारही नावाप्रमाणे साधा होता. टपाल नेणाऱ्या प्रत्येक संगणकाने एक खिडकी उघडी ठेवायची, तिचा क्रमांक २५. (संगणकवाले खिडकीला ‘पोर्ट’ म्हणतात, आपण खिडकीच म्हणू.) खिडकीशी कोणीही यावे, पाकीट द्यावे, आत बसलेल्याने ते पुढच्या मुक्कामाकडे रवाना करावे. पाकिटावर ‘प्रेषक’ म्हणून जे नाव लिहिले असेल ते खरे मानावे. पासवर्ड विचारायला ह्या नियमांत जागाच नव्हती. उलट टपाल घेण्याच्या ज्या पद्धती निघाल्या, म्हणजे १९८४ ची ‘पॉप’ आणि १९८६ च्या सुमाराची ‘आयमॅप’, त्यांत नाव आणि पासवर्ड मागण्याची सोय आरंभापासून होती. आपली पेटी दुसऱ्याने उघडू नये एवढी काळजी घेतली गेली. आपल्या नावाने दुसऱ्याने पत्र टाकू नये, ही काळजी तेव्हा कोणाला वाटली नाही. जाळे विद्यापीठांचे आणि प्रयोगशाळांचे होते. माणसे एकमेकांना ओळखत होती.

मराठी दप्तरे चाळणाऱ्याला हा भाबडेपणा नवलाचा वाटेल. आपल्याकडे जुन्या सरकारी पत्रांवर आरंभी शिक्का असे आणि मजकूर संपला की लगेच खाली मोर्तब उमटे, ते अशासाठी की मागाहून कोणी दोन ओळी घुसडू नयेत. कागदाला कागद चिकटवून लांब केला असेल तर सांध्यावरही शिक्का करीत. पत्र जासुदाच्या हाती असताना कोण काय करील ह्याचा भरवसा नाही, हे त्या मंडळींनी गृहीत धरले होते. ई-मेलवाल्यांना मोर्तबाची आठवण व्हायला पंचवीस वर्षे लागली. ते पुढे येईलच.

भाबडेपणाचा फायदा घेणारे मात्र लवकर निघाले. १९८२ चे नियम होण्याआधीच, १९७८ च्या मे महिन्यात, एका अमेरिकन संगणक कंपनीच्या विक्रेत्याने चारएकशे लोकांना एकाच वेळी आपल्या मालाची जाहिरात पाठवली होती. लोक संतापले, त्याला तंबी मिळाली. पण मार्ग दिसला तो दिसलाच. १९९० नंतर जाळे सर्वांसाठी खुले झाले आणि ह्या टपालाचा पूर आला. जाहिरातदारांची युक्ती साधी होती. कुठल्या तरी परक्या विद्यापीठाच्या खिडकी क्रमांक २५ शी जायचे आणि लाखभर पाकिटे तिथे ओतायची. हमाली त्या विद्यापीठाची, बदनामीही त्याचीच.

तेव्हा टपालघरांनी दारे लावून घेतली. आपल्या तारेवरून जो येईल तो आपला गिऱ्हाईक, त्याचेच टपाल पुढे पाठवायचे. बाहेरच्या तारेवरून येणाऱ्याला ‘रिलेइंग डिनाइड’ असा नकार द्यायचा. म्हणजे, "तुमचे टपाल आम्ही पुढे नेणार नाही." माणूस ओळखण्याची सोय नव्हती, म्हणून त्यांनी तार ओळखायला सुरुवात केली.

आपल्याकडे विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू केले, त्या पहिल्या शहरांत मुंबई होती. त्या काळी अडचण जाणवली नाही, कारण तार निगमाची, टपालघरही निगमाचे. गिऱ्हाईक जाणार कुठे? १९९८ च्या नोव्हेंबरात खाजगी कंपन्यांना परवानगी मिळाली. मग घरी एका कंपनीचे जाळे, कचेरीत दुसरीचे, पुढे मोबाइलचे तिसरे, अशी वाटणी झाली. त्यातच टेबलावरचा संगणक जाऊन मांडीवरचा आला. यंत्राला पाय फुटले आणि टपालघर मात्र ‘कुठे उभे आहात?’ हाच प्रश्न धरून बसले.

ह्याची किंमत काय पडते, ते आमच्या शेजारच्या काकांच्या बाबतीत आम्ही पाहिले. दहाएक वर्षे झाली. काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. निवृत्तीनंतरची सहा वर्षे त्यांनी आपल्या घराण्याचा कुलवृत्तांत सिद्ध करण्यात घालवली होती. जुना कुलवृत्तांत स्वातंत्र्यापूर्वी छापलेला. त्यात मुलगे नावानिशी आणि मुली ‘कन्या दोन’, ‘कन्या चार’ अशा नुसत्या मोजलेल्या. काकांचा मूळ हट्टच हा होता की ह्या खेपेला प्रत्येक लेकीची नोंद पुरी व्हायची. त्यातही थोरल्या आक्कांची. आक्का लहान वयात विधवा होऊन माहेरी परतल्या, शिकल्या, इचलकरंजीत तीस वर्षे शिक्षिका होत्या, आणि वडिलांच्या मागे तिघा भावांची शिक्षणे त्यांच्या पगारावर झाली. काकांनी आक्कांवर जेमतेम सात ओळी लिहिल्या होत्या. त्या सात ओळींसाठी हे सहा वर्षांचे पुस्तक आहे, असे काकू म्हणत.

शेवटची मुद्रिते आली तेव्हा काका मुलाकडे बंगळूरला होते. पाहतात तो आक्कांच्या ओळी पान जुळवताना भलत्याच शाखेत जाऊन पडलेल्या. काकांनी दोन रात्री बसून दुरुस्त्यांची यादी केली, छापखान्याच्या पत्त्यावर घातली, बटण दाबले. खिडकीत ‘पाठवीत आहे’ अशा अर्थाची अक्षरे उमटली. जेवायला हाक आली, काकांनी झाकण मिटले. मालकांशी ठरलेले असे होते, की चार दिवसांत दुरुस्ती आली नाही तर मुद्रिते मान्य समजावीत. त्यांनी सहा दिवस वाट पाहिली आणि पाचशे प्रती छापल्या.

पंधरा दिवसांनी काका कोल्हापूरला आले, घरी लॅपटॉप उघडला, आणि तासाभरात मालकांचा फोन. "काका, दुरुस्त्या आत्ता आल्या हो! पुस्तकं बांधून झाली."

राजारामपुरीतला संगणक दुरुस्त करणारा मुलगा आला. त्याने दोन मिनिटे चाचपून पाहिले आणि म्हणाला, "तुमचं पत्र पंधरा दिवस हितंच बसलं हुतं बघा, काका. कोल्हापूरचं पाणी लागल्याबिगर हलायला तयार न्हवतं." त्याचे म्हणणे अक्षरशः खरे होते. जाणाऱ्या टपालासाठी काकांच्या लॅपटॉपात इथल्या इंटरनेट कंपनीचे टपालघर लिहिलेले होते, आणि ते आपल्या तारेवरून आल्याशिवाय कोणाचे पत्र घेत नव्हते. बंगळूरच्या तारेवरून गेलेले पाकीट त्याने परतवले. लॅपटॉपाने ते ‘आउटबॉक्स’मध्ये ठेवून दिले. घरच्या तारेचा स्पर्श होताच ते आपोआप निघाले. पाचशे शुद्धिपत्रे छापून काकांच्या नातवंडांनी ती दिवाळीच्या सुटीत एकेका प्रतीत चिकटवली. नातलगांकडच्या प्रतींतली बरीचशी आता सुटून पडली असतील.

खेदाची गोष्ट अशी, की ह्या दुखण्यावरचा उपाय तेव्हा जुना होऊन गेला होता. रँडल गेलन्स आणि जॉन क्लेन्सिन ह्या दोघांनी तो १९९८ च्या डिसेंबरात मांडला. टपालघरा-टपालघरांतली देवाणघेवाण आणि गिऱ्हाइकाने पत्र आणून देणे ही दोन कामे निराळी आहेत, त्यांना एकच खिडकी कशाला, असा त्यांचा विचार. त्यांनी पत्र देणाऱ्यांसाठी नवी खिडकी काढली, क्रमांक ५८७. पुढच्याच वर्षी, १९९९ त, नाव आणि पासवर्ड विचारण्याची रीत एसएमटीपीला जोडली गेली. तेव्हापासून टपालघर पत्र घेतानाही विचारू शकते, "आपण कोण?" आणि उत्तर बरोबर आले, की आपण कोगनोळीला आहात की कॅलिफोर्नियात, ह्याच्याशी त्याला कर्तव्य राहात नाही.

तेव्हा करायचे ते एवढेच, की जिथे जाल तिथल्या टपालघराच्या नादी न लागता पत्र सदैव आपल्याच टपालघरात, नाव सांगून, योग्य खिडकीवर द्यायचे. आपला पत्ता ज्याने दिला ते आपले टपालघर. जीमेलचा पत्ता असेल तर त्याचे नाव ‘एसएमटीपी डॉट जीमेल डॉट कॉम’. लॅपटॉपातल्या मेलच्या प्रोग्रॅममध्ये, मग तो थंडरबर्ड असो की आउटलुक, ‘अकाउंट सेटिंग्ज’ उघडली की येणाऱ्या आणि जाणाऱ्या टपालाचे रकाने निरनिराळे दिसतात. बहुतेक लोक येणाऱ्याचे जपून भरतात आणि जाणाऱ्याकडे पाहातही नाहीत. जाणाऱ्याच्या, म्हणजे ‘आउटगोइंग सर्व्हर’च्या रकान्यात २५ हा आकडा असेल तर तो आधी पुसा. घरगुती गिऱ्हाइकांच्या तारेवरून परक्या २५ क्रमांकाच्या खिडकीकडे जाणारी वाटच अनेक इंटरनेट कंपन्यांनी बंद केली आहे, आणि तसे झाले की नकारही येत नाही, चाक तेवढे फिरते. तिथे ५८७ लिहा आणि सुरक्षिततेच्या जागी ‘स्टार्ट टीएलएस’ निवडा. किंवा ४६५ लिहा आणि ‘एसएसएल/टीएलएस’ निवडा.

ह्या ४६५ ची कथा एखाद्या घरातून घालवलेल्या सुनेसारखी आहे. १९९७ त ही खिडकी नेमली गेली, वर्षभरात नेमणूक रद्द झाली, तरी लोक तिच्याकडेच जात राहिले, आणि शेवटी २०१८ त जाणत्यांनी तिला सन्मानाने परत घेतले. किंबहुना आता तिलाच पहिली पसंती द्यावी असे म्हणतात, कारण तिथे पहिल्या शब्दापासून संभाषण कुलूपबंद असते. ५८७ वर आधी उघड्यावर रामराम होतो आणि मग दार लावून घेतात.

आणखी एक चौकट असते, ती लोक हमखास मोकळी सोडतात. जाणाऱ्या टपालासाठी ओळख पटवावी लागते, असा त्या ओळीचा आशय. तिथे खूण करा आणि नाव विचारतील तिथे पुरा पत्ता लिहा, नुसता अलीकडचा अर्धा नव्हे. जीमेलवाल्यांसाठी एक पोटनियम आहे. २०२२ च्या मे महिन्यापासून गुगल बाहेरच्या प्रोग्रॅमकडून नेहमीचा पासवर्ड घेईनासे झाले. नवे प्रोग्रॅम गुगलचे पान उघडून तिथेच परवानगी मागतात. जुन्यांसाठी दुहेरी तपासणी चालू करून सोळा अक्षरांचा खास पासवर्ड काढून घ्यावा लागतो. पुष्कळांचे टपाल त्या वेळी अडले आणि त्यांनी दोष वाय-फायला दिला.

कोणी म्हणतील, एवढा खटाटोप कशाला? ब्राउझरमध्ये पान उघडून पत्र लिहावे. जरूर लिहावे! पुण्याच्या बिशप्स शाळेत शिकलेले सबीर भाटिया आणि त्यांचे सहकारी जॅक स्मिथ ह्यांनी १९९६ च्या जुलैत हॉटमेल काढले, ते कुठूनही टपाल पाहता यावे म्हणूनच. त्यात आपण पत्र मुळी टपालघराच्या आत बसूनच लिहितो, म्हणून ते देण्याचा प्रश्न उरत नाही. मोबाइलवरच्या जीमेलचेही तसेच. परंतु वीस वर्षांची पत्रे ज्यांनी आपल्या यंत्रात राखली आहेत, ज्यांना रेल्वेत जाळे नसताना लिहायचे असते, त्यांना आपला प्रोग्रॅम सोडवत नाही, आणि तो त्यांनी का सोडावा?

व्यापाऱ्याचे तर त्यावाचून चालत नाही. शिरोलीचा फाउंड्रीवाला, हुपरीचा चांदीवाला ह्यांनी धंद्याच्या नावाचे पत्ते घेतलेले असतात आणि एका लॅपटॉपात घरचा जीमेल व दुकानचा पत्ता दोन्ही नांदतात. इथे एक नवा फास आहे. थंडरबर्डमध्ये जाणाऱ्या टपालघरांची यादी एकत्र असते, आणि दुकानच्या पत्त्याचे पत्र घरच्या टपालघरातून जाऊ लागले तरी वरवर काही बिघडलेले दिसत नाही. पत्र जाते, पण पोचते ते गिऱ्हाइकाच्या ‘स्पॅम’च्या टोपलीत. कारण आता मोर्तब आले आहे. अमुक नावाचे टपाल अमुक टपालघरातूनच निघेल, अशी यादी प्रत्येक नावाचा मालक जाहीर करून ठेवतो. तिला ‘एसपीएफ’ म्हणतात. आणि निघताना टपालघर पत्राच्या मजकुरावर गणिती शिक्का मारते, एक शब्द बदलला तरी तो फुटतो, तो ‘डीकेआयएम’. २०२४ च्या फेब्रुवारीपासून गुगल आणि याहू ह्यांनी ही तपासणी फार कडक केली आहे. म्हणून दर पत्त्याला त्याचे स्वतःचे जाणारे टपालघर जोडून द्यावे.

लिनक्स वापरणारे काही हौशी लॅपटॉपातच पोस्टफिक्ससारखे छोटे टपालघर थाटतात. हौस चांगली आहे. जाळे नसताना पत्रे रांगेत ठेवायची आणि मिळताच निघायची, ही त्याची सोय मोठी. मात्र त्या घरगुती टपालघराने थेट जगाकडे पाकिटे धाडू नयेत. घरगुती तारांचे पत्ते संशयितांच्या यादीत आधीच घातलेले असतात. त्यानेही आपले टपाल मोठ्या टपालघराच्या ५८७ वर नेऊन द्यावे.

एवढे करूनही कधी कधी अडते. हॉटेलात किंवा स्टेशनावर वाय-फाय जोडले गेले, तरी एक पान उघडून मोबाइलवर आलेला आकडा भरल्याशिवाय वाट सुटत नाही. मेलच्या प्रोग्रॅमला ते पान दिसत नाही, तो बापडा वाट पाहात बसतो. आधी ब्राउझर उघडून ते पान येते का पाहावे. जुन्या लॅपटॉपाचे घड्याळ मागे पडले असेल, तर कुलूपबंद संभाषणाचा दाखला यंत्राला खोटा वाटतो. तारीख दुरुस्त केली की काम होते. आणि परक्या वाय-फायवर टपालघराचा दाखला जुळत नाही असा इशारा आला, घड्याळही बरोबर असले, तर ‘हो, चालेल’ म्हणू नये. मध्ये कोणी तोतया खिडकी मांडून बसलेला असू शकतो, आणि पासवर्ड त्याच्या हाती जातो.

परीक्षा घरबसल्या घेता येते. दिवाळीत पाहुणे येण्यापूर्वी एकदा घरचे वाय-फाय बंद करा, लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटवर घ्या आणि स्वतःलाच एक ओळ पाठवा. मग पुन्हा घरच्या तारेवर येऊन दुसरी पाठवा. दोन्ही पोचल्या तर लॅपटॉप घेऊन खुशाल बंगळूरला जा. पहिली अडली आणि दुसरी गेली, तर जाणाऱ्या टपालाच्या रकान्यात अजून कुणा तारवाल्याचे टपालघर किंवा २५ हा आकडा बसलेला आहे. आणि पहिली अडलेली ती मागाहून आपोआप पोचेल, तेव्हा ती आउटबॉक्समधून किती वाजता निघाली, तेही पाहून ठेवा.